700 एमबीचा बायोडाटा: आत्याच्या लॅपटॉपचं प्रकरण

माझी आत्या मिरजेत घरातूनच वधू-वर सूचक मंडळ चालवते. आधी वह्या होत्या, मग फायली आल्या, आणि 2017 मध्ये लॅपटॉप. 2024 च्या दिवाळीआधी चार दिवस तिचा फोन आला. "अरे, लॅपटॉप मेला बहुतेक. बटण दाबते, चहा टाकते, चहा पिऊन कप विसळून येते, तरी ते चाक फिरतंयच."

हे रडगाणं मी दोन वर्षं ऐकत होतो, त्यामुळे फारसं मनावर घेतलं नाही. पुढचं वाक्य ऐकलं आणि दिवाळीला दोन दिवस आधीच जायचं ठरवलं. "आणि माझ्या मेलवरून लोकांना काहीतरी इंग्रजी मेल जातायत. सोलापूरच्या एका मुलाच्या आईने फोन करून विचारलं, ताई, तुम्ही शेअरबाजाराचा धंदा कधी सुरू केलात?"

घरातलं निदान आधीच पक्कं झालं होतं: व्हायरस शिरलाय, म्हणून स्लो झालाय, म्हणूनच मेल जातायत. काकांचं म्हणणं, फॉर्मॅट मार आणि मोकळा हो. दोन तक्रारी आणि त्यांचं कारण मात्र एकच. या समजुतीमुळेच असली प्रकरणं बिघडतात. लॅपटॉप जरा पळायला लागला की माणसाला वाटतं आजार गेला.

पोचल्यावर पहिल्या तासात मी लॅपटॉपला हात लावला तो फक्त वायफाय बंद करण्यापुरता. बाकीचं काम काकांच्या फोनवरून केलं.

यामागे साधं गणित आहे. हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरची आजची मोठी जात ब्राउझर लुटते. "पासवर्ड सेव्ह करू का?" या प्रश्नाला आपण वर्षानुवर्षं जी 'हो' म्हणत आलो ती सगळी तिजोरी, आणि सोबत सेशन कुकी. एकदा लॉगिन केलं की साइट ब्राउझरला जी खूण देते ती कुकी, म्हणजे देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडचा बिल्ला. बिल्ला ज्याच्या हातात, चपला त्याच्या. नाव कोणी विचारत नाही. म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, दिलेले सगळे बिल्लेही रद्द करावे लागतात. आणि हे सगळं बाधित मशिनवर बसून केलंत तर नवा पासवर्डही त्याच चोराच्या हातात पडतो.

काकांच्या फोनवर आत्याचं जीमेल उघडलं. डिव्हाइसच्या यादीत तिचा लॅपटॉप, तिचा फोन, आणि एक तिसरं विंडोज मशिन, जे आमच्यापैकी कोणाचंच नव्हतं. पहिली नोंद 9 ऑक्टोबरची. ते आधी बाहेर काढलं, मग बाकीचीही. पासवर्ड बदलला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली. शिवाय लोक ज्या दोन जागा हमखास विसरतात त्या पाहिल्या: मेल परस्पर दुसरीकडे पाठवणारं फॉरवर्डिंग, आणि फिल्टर. चोर जाताना खिडकी उघडी ठेवून जातो ती इथे. सुदैवाने दोन्ही रिकामी होती.

नेट बँकिंगचा पासवर्डही ब्राउझरमध्ये सेव्ह होता. तो बदलला, बँकेला कळवलं, खात्याचा उतारा पाहिला. पैसे गेले नव्हते. गेले असते तर लॅपटॉप बाजूला ठेवून आधी 1930 वर फोन केला असता. त्या हेल्पलाइनला कळवण्यात जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरत जातात.

मग लॅपटॉपकडे वळलो. सहाव्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम, एक टीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज 10. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला, तर तो उघडायलाच अर्धा मिनिट. परफॉर्मन्सच्या पानावर 'अप टाइम', म्हणजे विंडोज सलग किती वेळ चालू आहे, ते बघितलं: 31 दिवस.

"आत्या, तू हा बंद करत नाहीस का?"

"रोज रात्री करते की! शट डाउन म्हणून."

दोघांचंही बरोबर होतं. विंडोज 10 मध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आपोआप चालू असते. त्यात शट डाउन म्हटलं तरी विंडोजचा गाभा झोपतो, मरत नाही. खरी नवी सुरुवात हवी असेल तर 'रीस्टार्ट' म्हणावं लागतं. ते केलं आणि घड्याळ लावलं. बटण दाबल्यापासून वर्डमध्ये एक बायोडाटा उघडेपर्यंत 8 मिनिटं 50 सेकंद. हा आकडा वहीत लिहून ठेवला. मोजल्याशिवाय 'आता जरा बरं वाटतंय' याला काही अर्थ नसतो.

टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू निवांत, 15 टक्क्यांवर. मेमरी 91 टक्के. डिस्क 100 टक्के, आणि ती तिथेच चिकटलेली. आता गंमत बघा: डिस्क शंभर टक्के राबत होती, पण प्रत्यक्ष वाचन सेकंदाला दीड एमबी. प्रत्येक विनंतीला उत्तर मिळायला सरासरी अडीच हजार मिलिसेकंद, म्हणजे अडीच सेकंद. निरोगी फिरत्या डिस्कला ताणाखालीसुद्धा एवढा वेळ लागू नये.

ही तबकडी मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 90. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी साडेपाच मिलिसेकंद, हेड सरकायला आणखी दहा-बारा. हिशेब केला तर सेकंदाला साठेक फुटकळ कामं होतात. आणि 4 जीबी रॅम भरली की विंडोज उरलेला संसार याच डिस्कवर मांडतं. ब्राउझरचे सहा टॅब उघडले की अरुंद बोळात वरात घुसल्यासारखं होतं. त्यातून ही डिस्क म्हातारी. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोने तिला पिवळा शेरा दिला होता: खराब झाले म्हणून बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे कप्पे, होते, आणि 'पेंडिंग' रकान्यात वाचता न येणाऱ्या सेक्टरांचा आकडा शून्याच्या वर गेलेला.

मंदपणाचा गुन्हेगार इथेच सापडला. त्याचा हेरगिरीशी काही संबंध नव्हता.

हेर शोधायला 'ऑटोरन्स' वापरलं. मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं फुकट साधन आहे. विंडोजबरोबर जे जे आपोआप सुरू होतं ते सगळं ते दाखवतं, टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये दिसत नाही तेसुद्धा. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्या की यादी आवाक्यात येते. एक 'पीसी बूस्टर', एक ड्रायव्हर अपडेटर, फुकटच्या मराठी टायपिंगबरोबर आलेला सर्चबार. ही सगळी आरडाओरडा करणारी जमात. आत्याला रोज "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 13 व्हायरस सापडले" असं बजावणारेही असेच कोणी असणार असं मला वाटलं होतं, पण ते भलतंच निघालं. ते पुढे येईल. आणि शेड्यूल्ड टास्कच्या, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या, पानावर एक गुलाबी ओळ. गुलाबी म्हणजे फाइलवर कोणाची सही नाही. नाव अपडेटसारखं साळसूद, पण जागा मात्र एरवी न दिसणाऱ्या ॲपडेटा फोल्डरच्या पोटात, आणि दर तासाला चालायचं. तीच प्रक्रिया टास्क मॅनेजरमध्ये शोधली: सीपीयू 0 टक्के, मेमरी 9 एमबी.

अख्ख्या मशिनमधली सगळ्यात हलकी, सगळ्यात शिस्तीची प्रक्रिया तीच होती. आत्याला दाखवली तर म्हणाली, "ही तर बिचारी काहीच करत नाही."

आता इथे बहुतेकजण 'फुल स्कॅन' दाबतात. मी दाबला नाही, कारण मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर फुल स्कॅन म्हणजे दम्याच्या माणसाला गडावर चढवणं. स्कॅनर एकेक फाइल वाचतो; डिस्क मध्येच बसली तर व्हायरसही जातो आणि बायोडाटेही. आधी बॅकअप. तोही विंडोज चालू ठेवून नाही. उबंटू ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम. तिचा पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप त्यावरून सुरू केला. असं केलं की डिस्कवरचं विंडोज आणि त्यातला हेर दोघंही निपचित पडलेले असतात, आणि आपण त्यांच्या घरातलं सामान निवांत बाहेर काढतो. फक्त कागदपत्रं, फोटो, पीडीएफ. एकही चालणारी फाइल नाही, एकही सेटअप नाही. 46 जीबीला साडेपाच तास लागले. 2019 च्या एका मेळाव्याच्या फोल्डरपाशी कॉपी अडकली ती अडकलीच. 17 फोटो गेले. आत्याने कोणकोणते ते विचारलं आणि गप्प झाली.

हेर ज्या फाइलमधून घरात शिरला ती सापडली डाउनलोड्समध्ये. तारखेप्रमाणे यादी लावली, 8 ऑक्टोबरपाशी थांबलो. अनोळखी मशिन आलं होतं 9 ला. 8 तारखेला संध्याकाळी एक झिप उतरली होती, 4 एमबीची, आणि तिच्या शेजारी त्यातून काढलेली फाइल. नावात बायोडाटा, मग पीडीएफ, आणि त्याच्याही पुढे ईएक्सई, म्हणजे कागद नव्हे, चालणारा प्रोग्राम. विंडोज ओळखीची शेपटी आपणहून लपवतं, त्यामुळे आत्याला शेवटचं ईएक्सई दिसलंच नव्हतं. दिसलं ते पीडीएफ आणि तसंच लाल चित्र. साइज पाहिली: 700 एमबी.

दोन पानांचा बायोडाटा, पत्रिका धरली तरी तीन, आणि 700 एमबी! आत फाइलच्या मागे मैलोन्‌मैल नुसती शून्यं भरली होती. शून्यं झिपमध्ये चुरून जातात म्हणून पार्सल 4 एमबीचं, उघडल्यावर राक्षस. हे फुगवणं मुद्दाम असतं. पुष्कळ स्कॅनर फार मोठ्या फायली सोडून देतात, आणि एकच फाइल अनेक स्कॅनरांकडून तपासून देणाऱ्या व्हायरसटोटल साइटवर तर 650 एमबीच्या वरची फाइल चढवताच येत नाही. झिपला पासवर्ड होता, तो मेलमध्येच लिहिलेला, म्हणजे वाटेत कोणाला आत डोकावता येऊ नये. जीमेल ईएक्सई जोडूच देत नाही, म्हणून फाइल मेलला जोडलेली नव्हती, लिंक होती.

मेलचा मजकूर मात्र वाचण्यासारखा. मुलीसाठी अनुरूप स्थळ हवं आहे, सोबत बायोडाटा व फोटो. आत्याने तो उघडला यात तिची काय चूक? अनोळखी माणसांचे बायोडाटे उघडणं हाच तिचा व्यवसाय. 'अनोळखी मेल उघडू नका' हा सल्ला मंडळवाल्यांना, वकिलांना, नोकरभरती करणाऱ्यांना काही कामाचा नाही.

शेड्यूल्ड टास्कवाल्या फाइलचा हॅश, म्हणजे अंगठ्याचा ठसा, उबंटूतूनच काढला आणि व्हायरसटोटलवर शोधला. ठशावरून शोधायला फाइल चढवावी लागत नाही. बहुतेक सगळ्या इंजिनांनी तिला लाल शेरा दिलेला होता, पासवर्डचोर म्हणून.

मग डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, झोपला होता का? याचं उत्तर शोधताना मला खरा राग आला. विंडोज सिक्युरिटीत 'एक्सक्लूजन्स' नावाचं पान असतं. तिथे लिहिलेल्या जागा डिफेंडर तपासत नाही. त्या पानावर एकच नोंद: सी ड्राइव्ह. संपूर्ण. वॉचमन नेमायचा आणि त्याला सांगायचं की बिल्डिंगकडे बघू नकोस. दीड वर्षापूर्वी गावातल्या एका दुकानदाराने 'फॉर्मॅट मारून' चोरीचं विंडोज प्रो आणि चोरीचं ऑफिस टाकून दिलं होतं. ते जिवंत ठेवणारा ॲक्टिव्हेटर डिफेंडर पकडतो, म्हणून त्याने डिफेंडरचेच डोळे बांधले. आठशे रुपये घेतले, आणि 'रजिस्ट्री क्लीन केली' हेही बिलात. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही; ती साफ केल्याने वेग वाढतो हा आपल्याकडचा जुना भ्रम आहे. मायक्रोसॉफ्ट स्वतः असल्या साधनांना पाठिंबा देत नाही.

वर कडी म्हणजे त्या ॲक्टिव्हेटरची गरजच नव्हती. हा लॅपटॉप अधिकृत विंडोज 10 होमसकट विकत घेतलेला. अशा मशिनच्या विंडोजची परवाना-किल्ली कंपनी मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच टाकून देते. ती 2017 पासून तिथेच होती.

नवी डिस्क आणि रॅम दुसऱ्या दिवशी मिळणार होती. मधला दिवस रिकामा होता, म्हणून जुनं विंडोज साफ करून पाहिलं. मला उत्तर हवं होतं. एक्सक्लूजन काढलं, बूस्टर आणि मंडळी अनइन्स्टॉल केली, डिफेंडरचा 'ऑफलाइन स्कॅन' लावला. तो विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतो, त्यामुळे हेराला लपायला जागा राहत नाही. एरवी पंधरा मिनिटांचं काम, इथे तास लागला. त्याने टास्कवाली फाइल उचलली. मालवेअरबाइट्सच्या ॲडव्‌क्लीनरने सर्चबारचा गाळ काढला.

ते '13 व्हायरस' म्हणजे सॉफ्टवेअर नव्हतंच. कुठल्याशा साइटला आत्याने नोटिफिकेशनची परवानगी दिली होती. क्रोमच्या साइट सेटिंगमधून ती काढली, दोन क्लिकमध्ये गप्प.

ब्राउझरला चिकटलेलं एक एक्स्टेन्शन मात्र निघेना. क्रोम म्हणे, हा ब्राउझर तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित केला जातो.

"संस्था म्हणजे आपलं मंडळ का रे?" आत्याने विचारलं.

मंडळाचा संबंध नव्हता. कंपन्यांमध्ये आयटीवाले जी पॉलिसी लावतात, तीच या सर्चबारने रजिस्ट्रीत घुसवली होती. ती नोंद काढली आणि संस्था बरखास्त झाली.

पुन्हा घड्याळ लावलं. बटण ते बायोडाटा: 7 मिनिटं 35 सेकंद. दिवसभराच्या सफाईची कमाई सव्वा मिनिट, तीही बहुधा बूस्टर गेल्याची. काका म्हणाले, "म्हणजे व्हायरस गेलाच नाही." व्हायरस गेला होता. स्लोपणा त्याचा नव्हताच.

नुसता सर्चबार असता तर मी एवढ्यावर मशिन परत दिलं असतं. पण ॲडमिनच्या अधिकाराने पंधरा-वीस दिवस नांदलेला चोर, त्यात दीड वर्षाचा चोरीचा ॲक्टिव्हेटर. अशा मशिनला 'आता स्वच्छ' म्हणायची माझी छाती नाही. स्कॅनर सापडलेलं सांगतो, न सापडलेलं नाही. डिस्क बदलायचीच होती, तेव्हा जुन्या डिस्कवरचं विंडोज नव्या डिस्कवर उतरवण्याचा प्रश्नच आला नाही.

पुढचं काम कंटाळवाणं आणि सोपं. मागचं झाकण उघडलं, बॅटरीची पिन आधी काढली, एक टीबीची डिस्क काढून 500 जीबीची एसएसडी, म्हणजे काहीच न फिरणारी डिस्क, बसवली, 4 च्या जागी 8 जीबी रॅम. दोन्ही मिळून साडेचार हजारांच्या आसपास गेले. पंख्यात लोकर साठावी तशी धूळ होती. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने 8 जीबीचा पेनड्राइव्ह तयार केला होता. इन्स्टॉल करताना विंडोजने किल्ली विचारली नाही, होम की प्रो हेही विचारलं नाही. फर्मवेअरमधली वाचली आणि स्वतःच ॲक्टिव्हेट झालं.

बटण ते बायोडाटा: 41 सेकंद. चहाचं आधणही आलं नव्हतं.

नंतरच्या व्यवस्थेत दोन गोष्टी महत्त्वाच्या. आत्याचं खातं 'स्टँडर्ड' ठेवलं. ॲडमिनचा पासवर्ड काकांच्या डायरीत. नवीन काही घुसायला बघेल तेव्हा लॅपटॉप काकांना विचारेल, आणि काका कोणालाच सहजी हो म्हणत नाहीत. दुसरं, एक्सप्लोररमध्ये फायलींच्या शेपट्या कायम दिसतील असं केलं. मराठी टायपिंगसाठी काहीही उतरवायची गरज नव्हती: 2019 पासून विंडोज 10 मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, फक्त भाषेच्या सेटिंगमधून चालू करावा लागतो. चोरीच्या ऑफिसच्या जागी फुकटचं लिब्रेऑफिस. पहिले दोन दिवस आत्याने त्याला नावं ठेवली.

मला वाटलं काम संपलं. आत्याला तसं वाटेना. "माझे पासवर्ड गेले ते ठीक. पण मेलमध्ये लोकांच्या मुलींचे फोटो होते, फोन नंबर होते, पत्ते होते. ते त्याने बघितले असतील?" मी म्हटलं, मेलमध्ये शिरला होता म्हटल्यावर बघू शकला असता, एवढंच खात्रीने सांगता येतं. तिने वही काढली आणि लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी दुपारपासून एकेका घरी फोन लावायला सुरुवात केली. मंडळाच्या नावाने पैसे मागणारा मेल किंवा फोन आला तर माझा नाही म्हणून समजा, एवढंच सांगायचं. दोन घरांनी नाव काढून घेतलं. एका आईने अर्धा तास झाडलं. आत्या ऐकून घेत होती.

जुनी डिस्क पिशवीत घालून वर 'वापरू नये' लिहिलं आहे. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि सहाव्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नाही, म्हणून सुरक्षा अपडेटची मुदतवाढ घेतली आहे, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची. त्यानंतर बहुधा उबंटूच टाकीन. पाच तास तो चालू असताना आत्याला त्याच्यावरची पत्त्यांची सॉलिटेअर आवडली होती.

परवा तिचा फोन आला. एक बायोडाटा आलाय, झिप आहे, पासवर्ड मेलमध्येच दिलाय. मी विचारलं, किती एमबीची आहे?

"ते नाही बघितलं. खाली मुलाच्या वडिलांचा नंबर होता, त्यांना फोन लावला. नंबर एका गॅरेजचा आहे."

"मग?"

"मग काय, डिलीट. पण गॅरेजवाल्याचा मुलगा लग्नाचा आहे. त्याचा बायोडाटा उद्या कागदावर येतोय."